जलोदरातला जंतुसंसर्ग आणि त्याच्या खुणा

प्रस्तावना

सिऱ्हॉसिस झालेल्या माणसाच्या पोटातल्या पाण्यात जंतू शिरतात तेव्हा फारसा गाजावाजा होत नाही. ताप येतोच असे नाही, पोट दुखतेच असेही नाही. आतडे फुटले की पोट ताठ होते, हात लावू देत नाही. सर्जरीच्या वॉर्डात पहिल्यांदा शिकवलेली ही खूण इथे सहसा मिळत नाही. मध्ये पाण्याचा थर असल्यामुळे पोटाच्या अस्तराचे दोन पदर एकमेकांना घासतच नाहीत. घरचे सांगतात ते वेगळेच असते: "परवापासून जेवण तुटलंय," "लघवी कमी झालीय," "रात्री काहीबाही बोलत होते." काहींच्या बाबतीत एवढेही सांगण्यासारखे नसते. तरी त्याच आठवड्यात मूत्रपिंडे थकतात, शुद्ध हरपते, आणि केसपेपरवर कारण म्हणून 'लिव्हर फेल्युअर' एवढेच लिहिले जाते. तेही चूक नसते, पण त्याच्या आधीची ओळ लिहायची राहून गेलेली असते.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या ओळीबद्दल आहे. विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला, मग तो एमबीबीएस संपवून वॉर्डात उभा राहिलेला असो, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ असो किंवा घरात असा पेशंट असलेला जाणता माणूस असो, आधी थोडी वाट दाखवून द्यावी म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

दारूने, चरबीने, हिपॅटायटिस बी किंवा सीच्या विषाणूने यकृत वर्षानुवर्षे जखमी होत राहिले की त्यात वण साचत जातात आणि ते निबर होते. आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळेनाशी होते, पोर्टल शिरेतला दाब चढतो, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि पोट भरू लागते. लोक म्हणतात 'पोटात पाणी झालं', वैद्य म्हणतात जलोदर, दवाखान्यात म्हणतात असायटिस. याच दाबाने आतड्याची भिंत सुजून ढिली पडते. ई. कोलाय, क्लेबसिएला असे एरवी आतड्यातच नांदणारे जंतू तिच्यातून निसटतात, लसिकाग्रंथींत जातात, तिथून रक्तात. धडधाकट यकृत त्यांना गाळून टाकते. निबर यकृताला वळसा घालून जाणारे रक्त गाळले जात नाही. त्यात पोटातल्या पाण्यात जंतूंना मारायला मदत करणारी प्रथिनेही विरळ झालेली असतात; डेसीलिटरमागे दीड ग्रॅमपेक्षा कमी प्रथिने असलेले पाणी जास्त धोक्याचे मानतात ते यामुळेच. कुठे छिद्र नाही, गळू नाही, आणि तरी पोटातले पाणी नासलेले. या प्रकाराला 'स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस' म्हणतात. डॉक्टर मंडळी 'एसबीपी' म्हणून मोकळी होतात. पुढे मीही तसेच म्हणणार आहे. असायटिस घेऊन रुग्णालयात भरती होणाऱ्यांमध्ये दहांतल्या निदान एकाला तो असतो, काही अभ्यासांमध्ये दहांतल्या तिघांनाही.

पोटातल्या पाण्यात शस्त्र घालण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दकोदरासाठी सांगितले आहे की, नाभीच्या खाली, डाव्या बाजूला, मधल्या रोमराजीपासून चार अंगुळे सोडून व्रीहिमुख शस्त्राने वेध करावा, नळी घालून पाणी काढावे, सगळे एकाच दिवशी काढू नये, आणि नंतर पोट घट्ट गुंडाळून ठेवावे. आजही डावी खालची बाजूच पसंत करतात. अल्ट्रासाउंडने मोजून पाहिले तेव्हा तिथे पोटाची भिंत पातळ आणि पाण्याचा थर जाड आढळला. सुश्रुताला पाणी बाहेर हवे होते. त्या पाण्यालाच काही विचारावे, ही गोष्ट फार उशिरा आली. खरे तर अजूनही सगळीकडे आलेली नाही. पाच लिटर पाणी कॅनमध्ये जाते आणि दहा मिलिलिटर तपासणीच्या बाटलीत जायचे राहते, हे दृश्य दुर्मीळ आहे असे कोणी म्हणू नये.

आधुनिक कथा सुरू होते १९६३ मध्ये. 'गट' या नियतकालिकात कर, पिअर्सन आणि रीड यांनी सिऱ्हॉसिसच्या रुग्णांच्या पोटातल्या पाण्याला होणाऱ्या संसर्गाचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या हॅरल्ड कॉन यांनी आतड्यातल्या जंतूंमुळे आपोआप होणाऱ्या या पेरिटोनायटिसवर लिहिले आणि आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली. त्या काळात दहांतले नऊ रुग्ण दगावत. आज रुग्णालयातला मृत्युदर २० टक्क्यांच्या आसपास आला आहे. ही घट कुठल्या एका चमत्कारी औषधाने झालेली नाही. सेफोटॅक्झिमसारखी मूत्रपिंडाला न दुखावणारी प्रतिजैविके आली हे खरे, पण त्याच्या जोडीला डॉक्टर पाणी लवकर काढू लागले आणि मोजू लागले.

काय मोजू लागले? पाण्यातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल. एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा त्याहून जास्त न्यूट्रोफिल असतील तर एसबीपी समजून उपचार सुरू करायचे, कल्चरची (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची) वाट पाहायची नाही. साठ वर्षांच्या संशोधनानंतरही हा आकडा जागेवर आहे, आणि ज्याला बाकी काही वाचायला वेळ नाही त्याने निदान एवढे लक्षात ठेवावे.

कल्चरची वाट का पाहायची नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. या पाण्यात जंतू फार थोडे असतात, बऱ्याचदा मिलिलिटरमागे एखाददुसरा. प्रयोगशाळेत त्याचा एक थेंब प्लेटवर पसरला तर त्यात जंतू सापडणे नशिबाचा भाग. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस रनियन यांनी दाखवले की पेशंटच्या उशाशीच दहा मिलिलिटर पाणी थेट रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत भरले तर जंतू मिळण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपासवरून ८० टक्क्यांच्या घरात जाते. खर्च एका बाटलीचा, श्रम एका मिनिटाचे. तरीही पाणी साध्या नळीत भरून खाली पाठवण्याची सवय मोडत नाही. नव्या बायोमार्करवर, म्हणजे आजार ओळखून देणाऱ्या रक्तातल्या-पाण्यातल्या खुणांवर, चर्चासत्रे भरतात आणि जुनी बाटली कपाटात राहते, हे मला कधीच नीट पचलेले नाही.

मग बायोमार्कर हवेत कशाला? याचे उत्तर पुस्तकात पानोपानी आहे, पण मला ते वाघोलीत बसून द्यायला आवडेल.

वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आली. त्याआधी ती नगर रस्त्यावरची, दगडखाणींची मोठी ग्रामपंचायत होती. आज इथे उंच सोसायट्या आहेत, खाणींवरचे आणि बांधकामांवरचे मजूर आहेत, आणि गल्लोगल्ली छोटी रुग्णालये आहेत. अशा रुग्णालयात रात्री साडेनऊला पोट फुगलेला, सुस्तावलेला माणूस येतो. पाणी काढणे अवघड नसते. पण न्यूट्रोफिल मोजायला सूक्ष्मदर्शकाशी बसणारा जाणकार त्या वेळी असेलच असे नाही. नमुना नेणारा मुलगा सकाळी येतो, अहवाल दुपारी. मोठ्या रुग्णालयात हलवायचे तर ससून नगर रस्त्याने पंधराएक किलोमीटर, आणि त्या रस्त्यावरची वाहतूक पुणेकरांना सांगायला नको. दरम्यान पाण्यातल्या पेशी नमुन्यातच फुटत जातात आणि मोजणी कमी भरते. उपनगरांत, तालुक्यांच्या गावी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे.

या उशिराची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांतला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भरती झाल्यापासून बारा तासांच्या आत ज्यांचे पाणी तपासले त्यांच्या तुलनेत उशीर झालेल्यांत मृत्यूची शक्यता सुमारे २.७ पट निघाली. उशिरामागे पुष्कळदा भीती असते: आयएनआर वाढलेला आहे म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतोय, प्लेटलेट कमी आहेत, आधी प्लाझ्मा द्या, मग बघू. बारीक सुईने तपासणीपुरते पाणी काढताना गंभीर रक्तस्राव क्वचितच होतो, आणि त्यासाठी आधीच प्लाझ्मा चढवण्याची गरज नसते. घरच्यांचीही एक भीती असते, पाणी काढले की माणूस जातो अशी. शेवटच्या टप्प्यात, खूप उशिरा पाणी काढलेले अनेक पेशंट पाहिल्यावर तो समज झाला असेल तर त्यात नवल नाही. त्यावर चिडण्यापेक्षा लवकर तपासून तो खोटा पाडणे बरे.

निदान झाल्यावर जे करायचे तेही स्वस्त नाही. १९९९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवले की प्रतिजैविकाबरोबर अल्ब्युमिन दिले तर मूत्रपिंड बिघडण्याचे प्रमाण ३३ वरून १० टक्क्यांवर आणि रुग्णालयातले मृत्यू २९ वरून १० टक्क्यांवर येतात. मात्रा पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एकूण १५० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या शंभर मिलिलिटरच्या साडेसात बाटल्या. मजुरी करणाऱ्या घराला हा खर्च उगाच सांगता येत नाही. त्यामुळे 'संसर्ग आहे' हे जितके महत्त्वाचे, तितकेच 'संसर्ग नाही' हे खात्रीने सांगणेही.

झटपट, यंत्राशिवाय, शक्य तितक्या कमी पैशात मिळणारे उत्तर शोधण्याची धडपड गेली चाळीस वर्षे चालू आहे. आरंभीची मंडळी पाण्याचा आम्लपणा आणि त्यातले लॅक्टेट मोजत. संसर्गात आम्लपणा वाढतो, पण तो सगळ्यांत वाढत नाही आणि इतर कारणांनीही वाढतो. ती वाट मागे पडली.

दुसरी वाट रक्ताची. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले; आज ते प्रत्येक गल्लीतल्या प्रयोगशाळेत मोजले जाते. अडचण अशी की ते यकृतातच तयार होते. ज्याचे यकृत थकले आहे त्याच्यात ते एरवीही थोडे चढलेले असते आणि खरा संसर्ग आला की पुरेसे चढत नाही. साक्षीदारच अंथरुणाला खिळलेला असावा, तशातला हा प्रकार. प्रोकॅल्सिटोनिनकडे लोक वळले ते यामुळे. १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या एका फ्रेंच अभ्यासाने ते जंतुसंसर्गाशी जोडले. संसर्गात शरीरातल्या अनेक ऊती ते बनवतात, त्यामुळे यकृतावर त्याची मदार कमी. एसबीपीत ते सीआरपीपेक्षा बरे ठरते, पण मूत्रपिंड बिघडले की तेही वाढते, आणि छातीतला, लघवीतला, कातडीतला कुठलाही संसर्ग त्याला सारखाच. 'कुठे आहे' हे ते सांगत नाही. प्रेसेप्सिन, इंटरल्युकिन-६ ही याच घरातली पुढची भावंडे.

तिसऱ्या वाटेवरचे लोक म्हणतात, रक्ताला कशाला विचारता, ज्या पाण्यात भांडण चालले आहे त्यालाच विचारा. न्यूट्रोफिल मोजायचे आहेत ना, मग न्यूट्रोफिल जे सोडतात ते मोजा. पेशी फुटली तरी तिच्या आतला माल पाण्यातच राहतो. लघवी तपासायची पट्टी हा यातला सर्वांत स्वस्त प्रयोग. पाण्यात बुडवा, दीड-दोन मिनिटांत रंग पाहा. २००२ च्या सुमारास फ्रान्समधल्या छोट्या अभ्यासात ती जवळजवळ कधीच चुकली नाही आणि सगळे हरखले. २००७ मध्ये तिथल्याच अनेक रुग्णालयांच्या मोठ्या अभ्यासात तीच पट्टी वापरली तर निम्म्याहून अधिक एसबीपी निसटले. पट्टी लघवीसाठी बनवलेली; लघवीत न्यूट्रोफिलची पातळी वेगळी असते, ही साधी गोष्ट आधी कोणी फारशी मनावर घेतली नव्हती. मग खास पोटातल्या पाण्यासाठी जुळवलेली पट्टी आली, तिचे निकाल बरेच सुधारले. लॅक्टोफेरिन आणि कॅल्प्रोटेक्टिन ही न्यूट्रोफिलच्या पोटातली प्रथिने. क्लीव्हलँडमधून २००८ मध्ये आलेल्या लॅक्टोफेरिनच्या आकड्यांनी आशा वाढवली, पण ती चाचणी दवाखान्यात कधी रुळली नाही. कॅल्प्रोटेक्टिनचे नशीब वेगळे: आतड्याच्या दाहासाठी विष्ठेत ते मोजण्याची सोय आधीच सर्वत्र होती, त्यामुळे पाण्यातही मोजून पाहणे सोपे गेले. आजच्या घडीला पेशंटच्या उशाशी करता येईल अशा चाचण्यांत मला त्याचाच जोर अधिक वाटतो. पुस्तकाच्या लेखकांचे मत माझ्याहून सावध आहे, आणि त्यांची कारणे वाचण्यासारखी आहेत.

चौथी वाट जंतूंच्याच मागावर. पाण्यातला जंतूंचा डीएनए शोधायचा. कल्पना सरळ, पण कल्चरमध्ये काहीच न उगवलेल्या, पेशीही न वाढलेल्या अनेकांच्या पाण्यात तो सापडला. आतड्यातून जंतूंचे तुकडे निसटणे आणि संसर्ग होणे यांत अंतर आहे, हे त्यातून शिकायला मिळाले. निदानाला मात्र फारसा उपयोग झाला नाही.

या सगळ्या गर्दीत एक गोष्ट नजरेआड होते, आणि माझ्या मते पुस्तकाचा खरा गाभा तीच आहे. प्रत्येक नवा बायोमार्कर पडताळायचा कशावर? त्या २५० च्या आकड्यावर. पण तो आकडाच मुळात सावधगिरीने ठरवलेला. कोणी निसटू नये म्हणून तो खाली ठेवला आहे. काहींत पेशी कमी असूनही जंतू वाढतात, काहींत पेशी भरपूर असून जंतू मिळत नाहीत. सुई लागून रक्त मिसळले तर दर २५० तांबड्या पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करायचा, असा हिशेब आहे. अशा मापाशी ताडून पाहिलेला मार्कर त्याच्यापेक्षा सरस आहे हे कधी सिद्धच होऊ शकत नाही. जिथे तो वेगळे सांगेल तिथे आपण त्यालाच चूक म्हणणार. म्हणून शेकडो लेखांतल्या संवेदनक्षमतेच्या टक्केवाऱ्या एकमेकींशी तोलत बसण्यापेक्षा प्रश्न बदलावा. हा मार्कर कुठल्या दारात, किती वाजता, कोणाच्या हातात असणार आहे? आणि त्याचे उत्तर आल्यावर तो माणूस काय वेगळे करणार आहे?

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. एकेकाळी एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' हा आजार महाराष्ट्रात घरोघर माहीत होता. पोट फुगे, यकृत टणक लागे, आणि मूल बहुधा वाचत नसे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडमधले स्टुअर्ट टॅनर यांनी त्यावर काम केले. या मुलांच्या यकृतात तांबे अफाट साठलेले असते, ही खूण १९७० च्या दशकाअखेरीस पक्की झाली होती. तो आकडा छापून ते थांबले नाहीत. तांबे आले कुठून, हे विचारत घरांपर्यंत गेले. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडले की अंगावरचे दूध लवकर तोडून पितळी भांड्यात तापवलेले, साठवलेले वरचे दूध पाजणे हे त्याचे कारण असू शकते. कल्हई उडालेल्या पितळेतले तांबे दुधात उतरत होते. भांडी बदलली आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. यकृतातल्या तांब्याचा आकडा उत्तम होता म्हणून नव्हे, त्या आकड्यामागे कोणी स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले म्हणून.

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी, ज्या परदेशी ग्रंथांत तळटीपेपुरत्या येतात. पहिली क्षयाची. पोटात पाणी झालेला, वजन घटलेला माणूस महाराष्ट्रात आला तर क्षयाचा विचार करावाच लागतो, आणि सिऱ्हॉसिस असलेल्यालाही क्षय होऊ शकतो. पाण्यात लिंफोसाइट जास्त असणे आणि एडीए हे विकर वाढणे या त्याच्या खुणा. एडीएसाठी लिटरमागे ३६ ते ४० युनिटांच्या आसपासची सीमारेषा प्रचलित आहे. पण सिऱ्हॉसिसमध्ये पाणीच प्रथिनांनी पातळ असल्यामुळे एडीए अपेक्षेइतका चढत नाही आणि क्षय लपतो. इथे एकाच मार्करवर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत ठरलेली.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. सिऱ्हॉसिसमधल्या संसर्गांचा जगभरचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिद्ध झालेल्या संसर्गांपैकी ३४ टक्क्यांत जंतू अनेक औषधांना दाद न देणारे होते, आणि भारतातल्या केंद्रांचे प्रमाण त्याहून बरेच वर होते. सेफोटॅक्झिम दिले आणि निवांत झालो, हे दिवस आपल्याकडे संपले. उपचार सुरू केल्यावर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाणी काढून पेशी निदान चौथ्या हिश्श्याने तरी उतरल्या का, हे पाहावे लागते. दुसरी सुई टोचून घ्यायला पेशंट नाखूश असतो, डॉक्टरही. औषध लागू पडतेय की नाही हे त्या दोन दिवसांत सांगणारा मार्कर मिळाला तर त्याचे मोल निदान करणाऱ्या मार्करपेक्षा जास्त ठरेल, असे मला वाटते. या बाजूला काम थोडे झाले आहे, आणि तरुण संशोधकाने विषय शोधायचा असेल तर इथे शोधावा.

या पुस्तकाने कुठलाही मार्कर विकायला काढलेला नाही. प्रत्येकाची उपज, तो शरीरात कुठे बनतो, कशाने फसतो आणि कोणाच्या हाती पडल्यावर कामाचा ठरतो, या क्रमाने लेखक गेले आहेत. आकड्यांच्या तक्त्यांपेक्षा फसण्याच्या कारणांना त्यांनी जास्त जागा दिली आहे. आतडे फुटून झालेला पेरिटोनायटिस एसबीपीपासून वेगळा कसा काढायचा, हा भाग मला विशेष आवडला. पाण्यातली साखर डेसीलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या खाली, प्रथिने एक ग्रॅमच्या वर, एलडीएच रक्ताच्या वरच्या मर्यादेपेक्षा जास्त, एकाहून अधिक जातींचे जंतू, अशा साध्या चाचण्यांवर तो उभा आहे आणि छोट्या रुग्णालयालाही झेपतो. इथे चुकले तर शस्त्रक्रियेची गरज असलेला माणूस इंजेक्शनांवर पडून राहतो, किंवा सिऱ्हॉसिसच्या पेशंटचे पोट विनाकारण उघडले जाते. दोन्हींची किंमत जिवाने मोजावी लागते. यंत्रशिक्षण आणि संगणकाने अनेक मार्कर एकत्र करून जोखीम सांगण्याचे प्रयत्न पुस्तकात थोडक्यात येतात. त्यांना इतकीच जागा दिली हे मला योग्य वाटले, कारण ज्या रुग्णालयात पेशींची मोजणी वेळेवर होत नाही तिथे संगणकाला खायला घालायला आकडेच नसतात.

एक सूचना करतो. परिशिष्टात पाणी काढण्याची, बाटलीत भरण्याची आणि नोंद करण्याची एक पानाची पद्धत दिली आहे. कल्चरची बाटली आधी भरायची, मग पेशींसाठी ईडीटीएची नळी, मग प्रथिने आणि साखरेसाठी, आणि प्रत्येकीवर नमुना घेतल्याची वेळ लिहायची. ते पान फाडून ड्रेसिंग ट्रॉलीवर चिकटवले तरी लेखकांची हरकत नाही, असे त्यांनी मला सांगितले आहे. प्रकाशकांनी त्या पानाला छिद्रांची रेघ मारून दिली आहे.

वाघोली, पुणे